जुनं घर पाडता? मलमा उचलायला ट्राली कशी ठरवायची, नवख्यांसाठी सगळं एका जागी

फोनवर शोधायला गेलं तं अमेरिकेतले ते मोठे लोखंडी डबे दिसतात, डम्पस्टर म्हणतात त्याला. दारापुढं आणून ठेवतात, तुम्ही आठ दिवस त्यात भरत राहा, मग गाडी येते आणि डबा उचलून नेते. तिकडं ते १० घनयार्डापासून ४० घनयार्डापर्यंत भेटतात. आपल्या विदर्भात दारव्हा-दिग्रसकडं, नाही तं आर्वी-कारंजाकडच्या खेड्यात असा डबा कोण आणून देणार, आपला डम्पस्टर म्हणजे ट्रॅक्टरची ट्राली. मापाचं म्हणाल तं १० घनयार्ड म्हणजे २७० घनफूट, म्हणजे पावणेतीन ब्रासच्या जवळपास (१०० घनफूट म्हणजे एक ब्रास), म्हणजे त्यांचा सगळ्यात लहान डबा आपल्या दोन-अडीच ट्राल्यांचा. फरक मापाचा नाही. तिकडं डबा नेल्यावर पुढं कुठं रिकामा करायचा ते डबेवाला पाहते, आपल्याकडं ट्रालीवाला फोन उचलल्या उचलल्या पहिला प्रश्न विचारते, "टाकायचं कुठं?" आणि नवखा माणूस तिथंच गप्प होते, कारण त्यानं भाव विचारायला फोन लावलेला असते.

म्हणून सगळ्यात आधी हे डोक्यात घ्या: जागा आधी, ट्राली मागून. जागा ठरली की खेपेचं अंतर ठरते, अंतर ठरलं की भाव ठरते, आणि बाकीचं आपोआप सुटत जाते.

जागा कुठं पाहायची

सगळ्यात जवळची जागा म्हणजे तुमचाच प्लॉट. जुनं घर पाडून नवीन बांधणार असाल तं जोत्याचं भरण लागतेच, आणि लोक काय करतात, पायातले दगड अन् विटांचे तुकडे पैसे देऊन बाहेर फेकतात आणि पंधरा दिवसांनी मुरूम पैसे देऊन आत आणतात. घरकुलाचंच घ्या, कमीत कमी २५ चौरस मीटर म्हणजे २६९ चौरस फूट, जोतं दोन फूट धरलं तं ५३८ घनफूट भरण, पाच ब्रासच्या वर झालं ते. दगड, विटांचे तुकडे, फुटकी फरशी जे काय दोन-तीन ट्राल्या निघेल ते सगळं यातच जिरते. अर्धा-पाऊण फुटाचा थर, पाणी, धुम्मस, पुन्हा थर, असं भरायचं आणि वरचा शेवटचा थर मुरमाचा. काळी माती मात्र भरणात अजिबात नको, पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, फरशी उचलून टाकते. जुन्या भिंतीची मातीही भरणात टाकायची घाई करू नका, तिच्यात कुटार आणि शेण कालवलेलं असते, ते सडून खाली दबते आणि दोन वर्षांनी घराच्या मधोमध खळगा पडते.

मग भिंतीची माती कुठं न्यायची? शेतात. ही पांढरी माती आहे, गावठाणाची, वर्षानुवर्ष शेणामुतात मुरलेली. गावात विचारून पाहा, मागून नेणारे निघतात, काही जण तं स्वतःची ट्राली घेऊन येतात आणि तुम्हाला भाडंच लागत नाही. हे तुम्ही पाडायच्या आठ दिवस आधी गावात सोडून द्या, हॉटेलावर बोला, ग्रुपवर टाका. अट एकच ठेवा की प्लास्टर, सिमेंट, काच, खिळे त्या मातीत जाऊ नयेत, नाही तं पुढच्या वर्षी त्याच्या बैलाच्या खुरात खिळा निघाला की तुमचंच नाव निघते.

तिसरी जागा म्हणजे शेतरस्ता नाही तं पांदण. काळ्या मातीतली पांदण पावसाळ्यात काय होते हे कोणाला सांगायचं काम नाही, तिथं विटा-दगडाचा मलमा खड्ड्यात टाकला तं उपकारच होतात. पण पांदण ही सरकारी असते, बाजूच्या शेतकऱ्यांचं पाणी तिच्या कडेनं वाहते, तं ग्रामपंचायतला सांगून आणि दोन्ही बाजूच्या धुऱ्यावाल्यांना विचारून टाका. आणि नुसता ढीग टाकून येऊ नका, पसरवून या. ढीग तसाच राहिला तं बैलगाडी त्याला वळसा घालते, वळसा शेजारच्या शेतातून जाते, आणि मग धुऱ्याचं भांडण तुमच्या ढिगावरून सुरू होते.

आणि कुठं टाकायचं नाही तेही सांगतो. नाल्यात नाही. गावाच्या नालीत नाही. ई-क्लासवर नाही, ती गुरं चरायची जागा आहे आणि सरकारी आहे, "सगळेच टाकतात" हे उत्तर चौकशीत चालत नाही. डांबरी रोडच्या कडेला रात्री खाली करून पळायचं नाही. पडीक विहिरीत तं मुळीच नाही, तिचं पाणी बाजूच्या विहिरींना झिरपते आणि तिची नोंद बहुतेक सातबाऱ्यावर असते. ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम ५३ मध्ये सार्वजनिक रस्ता आणि मोकळ्या जागेवरचा अडथळा हटवायचा आणि कारवाई करायचा अधिकार ग्रामपंचायतला दिलेला आहे. बांधकाम-पाडकामाच्या कचऱ्याचे केंद्राचे वेगळे नियम २०१६ साली आले, त्यातही मूळ गोष्ट साधीच होती, माती, विटा, काँक्रिट, लोखंड-लाकूड वेगवेगळं ठेवा आणि रस्त्यावर-नालीत अडथळा होऊ देऊ नका.

ग्रामपंचायतीत जाऊन ग्रामसेवकाला (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात पण गावात अजून ग्रामसेवकच चालते) साधा अर्ज द्या, की अमुक नंबरचं घर पाडून राहिलो, इतका मलमा निघणार, अमुक जागी टाकणार, आणि पोच घ्या. ही पोच ट्रालीच्या ड्रायव्हरजवळ ठेवा. मुरूम-रेतीच्या चोरीपायी महसूलवाले रस्त्यात ट्राल्या थांबवतात, आणि मलम्यात माती-मुरूम दिसला की पहिला संशय तोच येते. गौण खनिज विनापरवाना नेलं तं बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे, आणि तो वाद रस्त्यावर उभं राहून मिटत नाही. पाया खोदताना निघालेला मुरूम कोणाला विकायचा विचार असेल तं तो मलम्यात मिसळून नेऊ नका, आधी तलाठ्याला विचारा.

पाडायच्या आधीची कामं

घरकुल मंजूर असेल तं एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, जिओ टॅग झाल्याशिवाय जुन्या घराला हात लावू नका. जुन्या घराचा आणि नवीन जागेचा फोटो अॅपवर चढतो आणि पुढचे हप्ते त्याच्यावर असतात. जेसीबी आजच रिकामी आहे म्हणून घर पाडून बसलात आणि फोटो राहिला तं पंचायत समितीच्या चकरा सुरू. घरकुल नसेल तरी चारी बाजूनं फोटो काढून ठेवाच, शेजाऱ्याची भिंत लागून असेल तं तिचे जास्तीचे, तिच्यावरची जुनी भेग जवळून दिसेल असे. नंतर "तुमच्या जेसीबीनं तडा गेला" म्हटल्यावर तोच फोटो कामी येते.

लाईट. सर्व्हिस वायर महावितरणच्या माणसाकडून उतरवून घ्या, स्वतः किंवा गावातल्या वायरमनच्या चेल्याकडून नाही. १९१२ वर फोन लागते. मीटर काढून ठेवताना त्याची नोंद करून घ्या, नवीन घरात तेच कनेक्शन पाहिजे असते. आणि त्याच दिवशी मान वर करून पाहा, प्लॉटवरून, गल्लीवरून, आणि जिथं ट्राली खाली होणार तिथून कोणत्या तारा जातात. हायड्रॉलिक ट्राली वर उचलली की तिचं पुढचं टोक बारा-पंधरा फुटांच्या वर जाते, शेतातून गेलेली अकरा केव्हीची लाईन मधोमध झोळ पडून खाली आलेली असते, आणि ड्रायव्हरचं ध्यान मागच्या फळीकडं असते. तारेला टेकायचीही गरज नाही, जवळ गेली तरी करंट झेप घेते. खाली करायची जागा तारेच्या सरळ खाली असेल तं जागा बदला, त्यात चर्चा करायचं काही नाही.

पाण्याचा पाईप कुठून येते ते दाखवून ठेवा. नळयोजनेचा पाईप आपल्या गावांमध्ये फार खोल नसते, जेसीबीच्या दाताला सहज लागते आणि मग आख्ख्या गल्लीचे पाण्याचे गुंड-घागरी तुमच्या दारापुढं येऊन उभे राहतात.

आधी काढा, मग पाडा

जेसीबी लावून सगळं एकदम आडवं केलं तं दोन तासात काम होते हे खरं, पण त्या ढिगातून मग काहीच हाती लागत नाही, आणि फेकायला जास्त ट्राल्या लागतात. आधी हातानं उतरवा. कवेलू उतरवा, इंग्रजी कवेलू असतील तं गोठेवाले घेऊन जातात, देशी कवेलूही कोणाला ना कोणाला फुटक्याच्या बदल्यात लागतातच. मग फाटे, बल्ल्या, मयाली, दारं-चौकटी. जुनं सागवान असेल तं भंगारवाल्याला वजनावर देऊ नका, सुताराला आणून दाखवा. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात असाल आणि लाकूड दुसऱ्या गावाला न्यायचं असेल तं आधी वनरक्षकाला विचारून घ्या, नाक्यावर "माझ्या आज्याच्या घरचं आहे" सांगून लाकूड जुनं ठरत नाही. पत्रे, सळाखी, खिळे, कड्या-कोयंडे वेगळ्या पोत्यात. भंगारवाला बोलवा दुपारी, तुमच्यासमोर मोजू द्या, आणि काटा आधी रिकामा पाहा.

कवेलू उतरवताना हात आधी आत घालायचा नाही, काडीनं हलवायचं मग उचलायचं. इंचू तं असतातच, जुन्या भिंतीच्या बिळात मण्यार, नाग काहीही निघू शकते. साप दिसला तं सर्पमित्राला बोलवा आणि तोपर्यंत लांब उभे राहा. कोणाला डसलाच तं मांत्रिकाकडं नाही, थेट ग्रामीण रुग्णालयात, सापाच्या विषावरचं औषध तिथं असते. मजुरांना बूट आणि हातमोजे द्या, हे लोक कंजुषी करतात तिथंच करतात.

सिमेंटच्या पत्र्यांबद्दल वेगळं सांगतो कारण हे कोणी सांगत नाही. जुन्या सिमेंट पत्र्यात अॅस्बेस्टॉस असते, त्याचा भुगा छातीत गेला तं वर्षानुवर्षांनी फुफ्फुसाचा कॅन्सर होऊ शकते, दिसत काही नाही त्या दिवशी. म्हणून ते पत्रे घण मारून फोडायचे नाहीत, कटरनं कापायचे नाहीत. पाणी मारा, नटबोल्ट खोला, आख्खे उतरवा, तोंडाला चांगला मास्क बांधा. आख्खे असतील तं बाजूला उभे करून ठेवा, फुटले असतील तं ओले करून जाड प्लास्टिकात बांधा, आणि रस्त्याच्या खड्ड्यात तं बिलकुल टाकू नका, तिथं चाकाखाली त्याचं पीठ होते आणि ते आख्ख्या गावाच्या नाकात जाते. तालुक्याच्या नगरपरिषदेत विचारा की घातक कचरा कुठं घेतात.

मलमा किती निघणार, हे कागदावर काढा

ट्रालीवाल्याला "एक घर आहे" सांगितलं तं तो त्याच्या फायद्याचा आकडा सांगेल, त्यात त्याची चूक नाही. तुम्ही आकडा घेऊन जा. भिंतीची लांबी गुणिले उंची गुणिले जाडी, सगळं फुटात, आणि १०० नं भागलं की ब्रास.

समजा घर ३० बाय २० चं, मातीचं, भिंत दीड फूट जाड आणि आठ फूट उंच. चारी बाजू मिळून १०० फूट. १०० गुणिले ८ गुणिले दीड, म्हणजे १२०० घनफूट. मधात एक २० फुटाची आडवी भिंत, ती २४० घनफूट. झाले १४४० घनफूट, चौदा-साडेचौदा ब्रास. पण ही भिंत उभी आहे तेव्हाचं माप आहे. पाडली की माती मोकळी होते, फुलते, तीस टक्के तरी वाढ धरा. म्हणजे १८७० घनफुटाच्या आसपास. दारं-खिडक्या यातून वजा करत बसू नका, पायातले दगड आणि फरशी त्या जागी येतात.

आता ट्राली. "एक ब्रासची आहे" असं सगळेच म्हणतात, तुम्ही टेप घेऊन जा आणि आतून मोजा. १० फूट लांब, ६ फूट रुंद, २ फूट उंच असेल तं १२० घनफूट, म्हणजे सव्वा ब्रासला थोडी कमी. वरचं गणित या ट्रालीत सपाट भरलं तं सोळा खेपा होतात. त्यातल्या मातीच्या सहा-सात कोणी शेतात नेल्या, दोन-तीन दगड-विटांच्या भरणात गेल्या, तं भाड्याच्या खेपा निम्म्यावर येतात. हे गणित न करता लोक भावात घासाघीस करतात, पन्नास रुपये कमी करून घेतात आणि सात खेपा जास्तीच्या देऊन बसतात.

सपाट भरायची की शीग लावायची हेही आधीच बोला. शीग लावली तं खेप कमी लागते पण रस्त्यानं मलमा सांडत जाते, आणि वजनाचंही आहेच. कोरड्या मलम्याचा एक ब्रास साडेतीन-चार टनाच्या आसपास जाते, ओला असला तं अजून जास्त. चढावर अशा ट्रालीनं ट्रॅक्टरची पुढची चाकं उचललेली पाहिली असतील तुम्ही.

ट्राली, जेसीबी की मजूर

यात तीन पद्धती चालतात. एक, खेपेवर भाव, भरायचं तुमचं आणि खाली करायचं त्याचं. दोन, दिवसावर ट्रॅक्टर, डिझेल कोणाचं ते बोलून घ्या. तीन, गुत्ता, म्हणजे पाडून, भरून, नेऊन, जागा साफ करून एवढे पैसे. नवख्या माणसाला गुत्ता सोपा वाटते पण गुत्तेवाला मलमा कुठं टाकते हे तुम्ही पाहत नाही, आणि त्यानं तो रात्री नाल्यात टाकला तं लोक तुमच्याच घरी येतात, कारण विटा तुमच्या घरच्या आहेत हे गावाला कळते. गुत्ता द्यायचाच तं जागा लिहून द्या.

खेपेवर बोलणं असं काहीसं होते:

"काका, खेपेचं काय घ्याल?"
"कुठं टाकाचं?"
"आमच्याच वावरात, पांदणीनं, दोन किलोमीटर पडते."
"भरून देणार का आम्हीच भराचं?"
"जेसीबी आहे भराले."
"मंग कमी करतो. पण पांदणीत फसली तं काढाचा खर्च तुमच्याकडं."

हे शेवटचं वाक्य कोणी सोडत नाही, आणि बरोबरच आहे त्याचं, म्हणून रस्ता आधी त्याला दाखवून आणा. दोन-तीन जणांना विचारा, पण गावातला ट्रॅक्टर गावाबाहेरच्यापेक्षा पन्नास-शंभरानं महाग असला तरी मी गावातलाच घ्यायला सांगीन, अर्ध्यावर सोडून दुसऱ्या कामाला गेला तं त्याला घरून तरी बोलावता येते.

जेसीबी तासावर असते. विचारायचं ते हे, की मीटर कुठून सुरू, तुमच्या दारापासून की तिच्या उभ्या जागेपासून, कमीत कमी किती तास धरणार, आणि काँक्रिट फोडायचा ब्रेकर लागला तं त्याचा भाव वेगळा का. गल्ली टेपनं मोजा. जेसीबी साडेसात फुटाच्या आसपास रुंद असते, तिला वळायला, नालीवरची फरशी न फोडता जायला त्याहून बरीच जागा पाहिजे. कितीतरी गावात कोपऱ्यावरचा ओटा नाही तं तुळशीवृंदावन मधात येते, आणि ते काढायचा विषयच नसते. अशा वेळी मजूर लावून, सब्बल-टिकासनं पाडून, घमेल्यानं चौकापर्यंत आणायचं आणि तिथं ट्राली भरायची. वेळ जाते पण माल नीट निघते.

आता जेसीबीवाल्या कामात पैसे कुठं गळतात ते पाहा. तिच्या पुढच्या बकेटीत सव्वा घनमीटरला थोडं कमी बसते, म्हणजे तीन बकेटीत आपली ट्राली भरली, सहा-सात मिनिटं धरा. ट्राली भरून दोन किलोमीटर गेली, खाली केली, परत आली की अर्धा तास गेला. एकच ट्राली लावली असेल तं या अर्ध्या तासातली वीस-पंचवीस मिनिटं जेसीबी उभी, ड्रायव्हर फोन पाहून राहिला, आणि मीटर चालू. म्हणून जेसीबी असेल तं तीन-चार ट्राल्या एकदम लावा आणि अर्ध्या दिवसात उरकवा. एवढ्या ट्राल्या भेटत नसतील तं जेसीबीनं फक्त पाडून घ्या, ढीग करून घ्या, तिला जाऊ द्या, आणि मग मजुरांकडून एका ट्रालीत सावकाश भरा.

मजुरांकडून भरताना फळीची उंची महत्त्वाची. दोन फुटाच्या फळीवरून वर घमेलं फेकायला माणूस दुपारनंतर थकते, मागची फळी खोलून पाठीमागून भरत पुढं सरकायचं आणि शेवटी फळी लावायची, हे अनुभवी मजूर स्वतःच करतात.

दिवस कोणता

ट्रॅक्टर भाड्याला तुमच्यासाठी बसून नसते, त्याचं मुख्य काम शेती आहे. ऑक्टोबरात सोयाबीन, मग हरभऱ्याची पेरणी, जानेवारीत तूर, नंतर गहू-हरभरा, मे महिन्यात नांगरटी आणि शेणखत. मधात होळी ते पाडव्याच्या जवळपासचे दिवस बरे, वावरं मोकळी होत येतात, पांदणी कडक असतात, ऊन अजून माणूस मारण्याइतकं नसते. मृगाच्या तोंडावर काम काढू नका. एक अवकाळी आली तरी काळ्या मातीत ट्राली अशी बसते की दुसरा ट्रॅक्टर ओढायला लागते. बाजाराचा दिवस टाळा, त्या दिवशी मजूरही नाही आणि रस्ताही नाही.

आदल्या दिवशी संध्याकाळी भिंतींवर पाणी मारून ठेवा, धूळ बरीच कमी होते. आणि शेजारीपाजारी सांगून या. उन्हाळ्यात बाजूच्या स्लॅबवर कुरड्या, पापड, मुगवड्या वाळत असतात, तुमच्या पांढऱ्या मातीची धूळ त्याच्यावर बसली की वर्षभर ऐकायला लागते, आणि त्या काकूंचं म्हणणं चूक आहे असं कोणी म्हणणार नाही.

भरताना आणि खाली करताना

जड माल, दगड, काँक्रिटचे ढेकळं, आधी आणि चाकांच्या वर थोडं पुढं. सगळं मागं टाकलं तं ट्रालीचा दांडा वर उचलते आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना पकड राहत नाही. सगळं पुढं टाकलं तं चढावर ट्रॅक्टर तोंड उचलते. ट्राली भरली की वरून ताडपत्री नाही तं जुनं शेडनेट बांधा, मलम्याचा खडा मागच्या मोटारसायकलवाल्याच्या डोळ्यात जाते.

ट्रालीवर, दांड्यावर, मडगार्डवर कोणी बसायचं नाही. पोरांना हौस असते, मजुरांना पायी जायचं नसते, पण ट्रॅक्टरचा विमा बसलेल्या माणसांना धरत नाही, आणि शेतीच्या नावानं पासिंग असलेला ट्रॅक्टर भाड्यानं चालला तं विम्याचं आधीच लफडं असते. मजूर मोटारसायकलनं पाठवा. संध्याकाळची खेप असेल तं ट्रालीच्या मागं रेडियमची पट्टी आहे का पाहा, नसेल तं ती खेप सकाळी न्या. अंधारात रोडवर उभी ट्राली म्हणजे काय हे आपल्या भागात सांगावं लागत नाही.

खाली करताना जमीन सपाट पाहिजे, ट्राली एका बाजूला कललेली असताना वर उचलली तं आडवी होते. मागची खिट्टी काढणारा माणूस फळीच्या बाजूला उभा राहते, समोर नाही. ओली माती तळाला चिकटून बसते, मग ड्रायव्हर ट्राली वर ठेवूनच झटके देते, तेव्हा सगळ्यांनी वीस पावलं लांब.

घरातलं कबाड मलम्यात नको

घर रिकामं करताना जे निघते ते वेगळंच प्रकरण आहे, ते ट्रालीत मलम्याच्या खाली दडपून देऊ नका. गाद्यांमधला कापूस पिंजाऱ्याकडं जाते. जुनी बॅटरी नवीन घेताना दुकानदार परत घेते, पैसे कापून देते. ट्यूबलाईट, सीएफएलमध्ये पारा असते, फोडू नका. प्लास्टिक, कागद, थर्माकोल जाळू नका, डिसेंबर २०१६ मध्ये हरित लवादानं उघड्यावर कचरा जाळण्यावर ५ हजार आणि मोठ्या प्रमाणावर असेल तं २५ हजार दंड सांगितलेला आहे. घंटागाडी येत असेल तं ओला-सुका तिच्यात द्या, पण विटा-माती तिच्यात टाकू नका, त्या बॅटरीवरच्या गाडीचा पाटा तुटते.

आणि कपाशीच्या गावातल्या प्रत्येक घरात निघते ती गोष्ट, माळ्यावरचे, पडवीतले औषधाचे डबे. फवारणीचे रिकामे, अर्धे उरलेले, लेबल गेलेले. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं किती घरं उघडी पडली ते विसरायचं नाही. हे डबे भंगारात देऊ नका, तेल-पाणी भरायला कोणाला देऊ नका, मलम्यात टाकून पांदणीत नेऊ नका, पावसात ते सगळं विहिरीत येते. रिकामा डबा तीनदा धुऊन ते पाणी फवारणीच्या टाकीतच टाकायचं असते, डब्याला भोक पाडायचं, आणि उरलेल्या औषधासाठी कृषी सहायकाला नाही तं ज्या केंद्रातून आणलं त्याला विचारायचं. लेबल नसलेल्या डब्याचं झाकण उघडून वास घेऊन पाहायचा नाही, घरात कोणी ना कोणी हे करतेच.

हिशोब

पैसे सगळे आधी देऊ नका, डिझेलपुरते द्या. दर खेपेला चिठ्ठी नाही तं भिंतीवर कोळशाची रेघ, एक तुमच्याकडं आणि एक ड्रायव्हरकडं, संध्याकाळी दोन्ही जुळवायच्या. पहिल्या खेपेच्या मागं स्वतः जा, जागा दाखवा, पुढच्या त्याच मागं जातील. शेवटची खेप भरायच्या आधी नाली मोकळी करून घ्या, गल्ली झाडून घ्या, आणि स्पीकरमधलं जुनं चुंबक दोरीला बांधून पूर्ण गल्लीत ओढा, खिळे निघतात मूठभर. त्या खिळ्यांसकट, झाडलेल्या मातीसकट ती खेप जाते. जागेवर जाऊन ढीग पसरवलेला पाहा, फोटो काढा, आणि मग उरलेले पैसे द्या.